जोन्सचा रोग : निदानाचीं सव्वाशें वर्षें

गुरांचे कित्येक रोग असे असतात कीं, ते आपली वर्दी आपणच देतात. लाळ-खुरकतीनें तोंडांतून लाळ गळूं लागली, घटसर्पानें गळा सुजला, फऱ्यानें पाय धरला, म्हणजे पशुवैद्य येण्यापूर्वींच गवळ्याला रोगाचें नांव कळून चुकतें. परंतु एक रोग असा आहे कीं, तो गाईच्या पोटांत वर्षानुवर्षें ठाण मांडून बसतो, आणि त्या सगळ्या काळांत गाय चरते, रवंथ करते, विते व दूधहि देते. ज्या दिवशीं हा रोग डोळ्यांना दिसतो, त्या दिवशीं तो आंवरण्याची वेळ टळून गेलेली असते. हाइन्रिख योने या जर्मन पंडिताच्या नांवावरून इंग्रजी उच्चारानें त्याला ‘जोन्सचा रोग’ म्हणतात. त्याचें शास्त्रीय नांव ‘पॅराट्युबरक्युलोसिस’, म्हणजे क्षयासारखा परंतु क्षय नव्हे असा रोग. त्याच्या निदानाची खटपट १८९५ सालीं सुरू झाली. ती सूक्ष्मदर्शक यंत्रापासून निघून आज जनुकांच्या परीक्षेपर्यंत येऊन पोंचली आहे. हा सारा इतिहास दोन साध्या प्रश्नांभोंवतीं फिरतो. निरोगी दिसणाऱ्या गाईच्या पोटांतील रोग ओळखावा कसा? आणि ओळखल्यावर करावें काय?

रोगाची चाल ध्यानीं घेतल्याशिवाय या प्रश्नांतील अडचण समजणार नाहीं. लागण बहुधा वासराला त्याच्या पहिल्या कांहीं महिन्यांतच होते. आईच्या कासेला चिकटलेलें शेण, मलिन झालेलें पाणी, रोगी गाईचा चीक व दूध यांच्यावाटे जंतु पोटांत जातात. कधीं कधीं तर वासरूं जन्मण्यापूर्वींच गर्भाशयांत ते त्याला गांठतात. लहान आंतड्याच्या शेवटच्या भागांतील अस्तरांत शिरून, जंतूंना गिळून नष्ट करण्याचें काम शरीरानें ज्या पेशींकडे सोंपविलेलें असतें, त्याच पेशींत ते बिऱ्हाड करतात. पहारेकऱ्याच्याच घरांत चोरानें लपावें तसा हा प्रकार होय. हळूहळू अस्तर जाड होतें, त्याला मेंदूच्या वळ्यांसारख्या घड्या पडतात, आणि अन्नरस शोषून घेण्याची त्याची शक्ति मंदावते. दोन ते सहा वर्षांनीं, पुष्कळदां एखाद्या वेतानंतर, गाईला ढाळ लागतात. ताप नसतो, खाणेंहि सुटत नाहीं. परंतु पोटभर वैरण खाऊनहि ती वाळत जाते, दूध आटतें, हनुवटीखालीं पाणी धरतें आणि अखेर ती मरते. रोग समूळ बरा करणारें औषध आजहि उपलब्ध नाहीं. याहून वाईट गोष्ट ही कीं, ढाळ लागण्याच्या कित्येक महिने, कधीं कधीं कित्येक वर्षें आधींपासून ती शेणावाटे जंतु बाहेर टाकीत असते. ऑस्ट्रेलियांतील एका प्रयोगांत, सावलींतील कोरड्या जागीं हे जंतु ५५ आठवड्यांपर्यंत जिवंत राहिलेले आढळले.

१८९५ सालीं जर्मनींतील ओल्डेनबुर्ग येथील एका शेतकऱ्याची गाय दूध देईना व अंगहि धरीना. क्षयाचा संशय येऊन तिला ट्युबरक्युलिन टोंचण्यांत आलें, परंतु परीक्षेचा निकाल क्षयाच्या विरुद्ध गेला. पुढें तिला मारल्यावर तिचीं आंतडीं ड्रेस्डेन येथील पशुवैद्यकीय प्रयोगशाळेकडे तपासणीसाठीं पाठविण्यांत आलीं. तेथें योने आणि अमेरिकेंतील बोस्टनहून आलेले लँग्डन फ्रॉदिंगहॅम यांनीं त्यांची परीक्षा केली. अस्तर जाड झालेलें होतें, जवळच्या रसग्रंथि सुजल्या होत्या, आणि रंग दिलेल्या कांचपट्टीवर क्षयाच्या जंतूंसारखे असंख्य जंतु दिसत होते: एकदां चढलेला रंग आम्लानें धुतल्यावरहि न सोडणारे. परंतु तोच पदार्थ गिनीपिगांना टोंचला असतां त्यांना क्षय होईना. तेव्हां हा क्षयाचाच कांहीं तरी विलक्षण प्रकार असावा, कदाचित् पक्ष्यांना होणाऱ्या क्षयाचा जंतु येथें गाईंत शिरला असावा, असें अनुमान त्या दोघांनीं केलें.

हें अनुमान डेन्मार्कमधील बर्नहार्ड बांग यांनीं १९०६ सालीं मोडून काढलें. रोगी आंतड्यांतील द्रव्य देऊन त्यांनीं वासरांत हा रोग उत्पन्न केला, आणि तो क्षयापेक्षां निराळा, स्वतंत्र रोग आहे असें प्रतिपादन केलें. पुढच्याच वर्षीं इंग्लंडांत सर जॉन मॅक्‌फॅडिअन यांनीं त्याला योने यांचें नांव दिलें. नांव मिळालें, परंतु जंतु मात्र हातीं येईना. एखाद्या जंतूचा गुन्हा सिद्ध करावयाचा तर त्याला शरीराबाहेर, प्रयोगशाळेंत, वेगळा वाढवितां आला पाहिजे. आणि हा जंतु कोणत्याहि अन्नावर वाढण्यास तयार नव्हता.

हें कोडें सोडविलें तें लंडनमधील ब्राउन इन्स्टिट्यूशनचे प्रमुख फ्रेडरिक ट्वॉर्ट यांनीं. जंतूंनाहि ग्रासणाऱ्या विषाणूंचा शोध १९१५ सालीं ज्यांच्या नांवावर जमा झाला, तेच हे ट्वॉर्ट. त्यांचा तर्क असा होता कीं, या जंतूला जगण्यासाठीं एखादें द्रव्य अवश्य लागत असावें. त्याचे भाऊबंद तें स्वतः तयार करीत असावेत, परंतु याची ती शक्ति नाहींशी झाली असावी. म्हणून त्यांनीं त्याच्या भाऊबंद जंतूंना वाढवून, मारून, त्यांचा अर्क अन्नांत मिसळला. आणि जो जंतु इतके दिवस हट्ट धरून बसला होता तो वाढूं लागला. ट्वॉर्ट व त्यांचे सहकारी इंग्रॅम यांनीं १९१२ व १९१३ सालीं हें काम प्रसिद्ध केलें. तें गूढ द्रव्य कोणतें हें कळण्यास १९४९ साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं इंग्रज रसायनशास्त्रज्ञांनीं तें शुद्ध स्वरूपांत वेगळें काढलें व त्याला ‘मायकोबॅक्टिन’ असें नांव दिलें. भोंवतालचें लोह पकडून जंतूपर्यंत आणून पोंचविणें हें त्याचें काम.

जंतु वाढूं लागला, परंतु त्याची चाल गोगलगाईची होती. शेणाचा नमुना आणावा, त्यांतील इतर जंतु औषधांनीं मारावे, मायकोबॅक्टिन घातलेल्या अन्नावर उरलेलें पेरावें, आणि मग वाट पाहावी: आठ आठवडे, बारा आठवडे, कधीं सोळाहि. निकाल हातीं येईपर्यंत गाईनें गोठ्यांत चार महिने जंतु पेरलेले असावयाचे. या जंतूंपासून केलेलें ‘जोनिन’ कातडींत टोंचून पाहण्याची पद्धति निघाली, परंतु तिचा कौल भरंवशाचा ठरेना. पुढें रक्तांतील व दुधांतील प्रतिद्रव्यें शोधण्याच्या पद्धति आल्या. त्या स्वस्त व झटपट होत्या. परंतु या रोगांत प्रतिद्रव्यें बहुधा उशीरा उमटतात, त्यामुळें आरंभींच्या अवस्थेंतील गाय त्यांतून निसटून जाई. १९९६ सालीं व्हिटलॉक व बर्गेल्ट या अमेरिकन पशुवैद्यांनीं या रोगाला समुद्रांतील हिमनगाची उपमा दिली. ज्या कळपांत ढाळ लागलेली एक गाय दिसते, त्यांत लागण झालेलीं आणखी १५ ते २५ जनावरें असूं शकतात, असा त्यांचा अंदाज होता. आणि त्यांतील बहुतेकांना तेव्हांच्या परीक्षांनीं ओळखतां येणें कठीण होतें.

या ठिकाणीं निदानाच्या इतिहासानें वळण घेतलें. तोंपर्यंतच्या सर्व परीक्षांचा रोख एक तर जंतूच्या रूपावर होता, नाहीं तर त्याच्या वाढीवर, अथवा गाईच्या शरीरानें त्याला दिलेल्या उत्तरावर. आतां शास्त्रज्ञ जंतूच्या आनुवंशिक द्रव्याकडे, म्हणजे डी. एन. ए. कडे वळले. चार अक्षरांच्या लिपींत लिहिलेला हा लांबलचक लेख प्रत्येक जंतूच्या पोटीं असतो. त्यांतील एखादें वाक्य जर या जंतूचेंच असेल, दुसऱ्या कोणाच्याहि लेखांत तें नसेल, तर तें वाक्य शेणांत सांपडणें म्हणजे जंतूची सही सांपडणें होय. परंतु शेणाच्या चिमटींत एवढीशी सही वाचावयाची कशी?

त्याची युक्ति कॅलिफोर्नियांत सेटस या कंपनींत काम करणाऱ्या कॅरी मलिस यांना १९८३ सालीं सुचली; तीच पुढें ‘पॉलिमरेज शृंखला-प्रक्रिया’ किंवा पी. सी. आर. या नांवानें जगभर प्रसिद्ध झाली, आणि १९९३ सालीं मलिस यांना रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. तिचें तत्त्व सोपें आहे. डी. एन. ए. चे दोन धागे एकमेकांभोंवतीं वळलेले असतात. तापविलें म्हणजे ते सुटे होतात. थंड होतांना हव्या असलेल्या वाक्याच्या दोन टोंकांना चिकटतील असे कृत्रिम तुकडे त्यांत सोडावयाचे, आणि एका पाचकद्रव्याकडून मधला भाग भरून घ्यावयाचा. एकाचे दोन झाले. पुन्हां तापवावें, पुन्हां थंड करावें, दोनाचे चार. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरांत एक दाणा ठेवून पुढें प्रत्येक घरांत दुप्पट दाणे मागणाऱ्याची गोष्ट घरोघर ठाऊक आहे. हाच तो हिशेब. तीस फेऱ्यांत एका तुकड्याचे एक अब्जाहून अधिक तुकडे होतात. प्रत्येक फेरींतील उष्णता सोसणारें पाचकद्रव्य मिळालें तें अमेरिकेंतील यलोस्टोनच्या उन्हाळ्यांत, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांत, राहणाऱ्या एका जंतूपासून. टॉमस ब्रॉक यांनीं केवळ कुतूहलानें त्या जंतूचा अभ्यास १९६० नंतरच्या दशकांत केला होता.

आतां उणीव होती ती सहीची. ती १९८९ सालीं मिळाली. लंडनमधील सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या विद्यालयांत हर्मन-टेलर यांच्या सहकाऱ्यांनीं या जंतूच्या डी. एन. ए. मध्यें १,४५१ अक्षरांचा एक तुकडा ओळखला. न्यूझीलंडमधील संशोधकांनींहि त्याच वर्षीं, स्वतंत्रपणें, या जंतूंतील अशाच पुनरावृत्त तुकड्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. ‘आय. एस. ९००’ हें त्याचें नांव. हा तुकडा डी. एन. ए. मध्यें स्वतःच्या नकला ठिकठिकाणीं घुसविणाऱ्या जातीचा असल्यामुळें प्रत्येक जंतूंत त्याच्या पंधरा-वीस प्रती असतात. एकाच कागदावर तीच सही पंधरा ठिकाणीं केलेली असावी, तसें हें झालें. जंतु थोडे असले तरी सही सांपडण्याचा संभव त्यामुळें वाढला. लवकरच शेणाच्या नमुन्यांवर ही परीक्षा होऊं लागली, आणि जेथें पूर्वीं महिने लागत तेथें निकाल एक-दोन दिवसांत हातीं येऊं लागला.

अर्थात् सर्व कांहीं सुरळीत झालें असें नाहीं. शेणांत पचलेल्या वनस्पतींचीं व पित्ताचीं अशीं द्रव्यें असतात कीं, तीं पी. सी. आर. चें काम मध्येंच बंद पाडतात. मग जंतु असूनहि परीक्षा ‘नाहीं’ म्हणते. या जंतूची मेणचट भिंतहि चिवट. ती फोडल्याशिवाय आंतील द्रव्य हातीं लागत नाहीं. म्हणून बारीक मण्यांबरोबर नमुना जोरानें घुसळून भिंत फोडण्याच्या व द्रव्य धुऊन शुद्ध करण्याच्या रीति बसविल्या गेल्या. दुसरी अडचण अधिक नाजूक होती. १९९९ पासून पुढें कांहीं संशोधकांना असे निराळेच जंतु आढळले कीं, ज्यांच्यांत आय. एस. ९०० शीं मिळताजुळता तुकडा होता. म्हणजे सहीची नक्कल करणारे निघाले! निरपराध गाय दोषी ठरूं नये म्हणून ‘एफ ५७’ यासारखीं, या जंतूचींच असलेलीं दुसरीं वाक्यें पडताळ्यासाठीं शोधलीं गेलीं. पुढें प्रत्येक फेरीबरोबर तुकड्यांची संख्या मोजीत जाणारीं यंत्रें आलीं. त्यांच्यामुळें जंतु आहे कीं नाहीं एवढेंच नव्हे, तर तो किती आहे याचाहि अंदाज बांधतां येऊं लागला.

२००५ सालीं अमेरिकेंतील शास्त्रज्ञांनीं या जंतूचा अठ्ठेचाळीस लाखांहून अधिक अक्षरांचा संपूर्ण लेख वाचून प्रसिद्ध केला. त्यांत एक गोष्ट अशी आढळली कीं, ती वाचून ट्वॉर्ट यांची आठवण व्हावी. मायकोबॅक्टिन तयार करणाऱ्या जनुकांपैकीं एक जनुक या जंतूंत आंखूड झालेलें आहे. हा जंतु एक आवश्यक द्रव्य करण्याची शक्ति गमावून बसला आहे, हा जनुकांची लिपि कोणाला ठाऊक नसतांना केलेला तर्क अशा रीतीनें नव्वद वर्षांनंतर अक्षरशः वाचून खरा ठरला. योने व फ्रॉदिंगहॅम यांनाहि काळानें थोडासा न्याय दिला. १९९० सालीं या जंतूची गणना पक्ष्यांच्या क्षयाच्या जंतूची एक उपजाति म्हणून करण्यांत आली. रोग निराळा हें बांग यांचें म्हणणें खरें. परंतु जंतूचें गोत्र ड्रेस्डेनच्या त्या दोघांनीं पहिल्याच दिवशीं जवळजवळ बरोबर हेरलें होतें.

मग पहिला प्रश्न सुटला काय? पुष्कळ अंशीं सुटला, सर्वस्वीं नाहीं. जनुक-परीक्षा सही वाचते; सही करणारा जिवंत आहे कीं मेलेला, हें ती सांगत नाहीं. शिवाय रोगी गाईच्या शेणानें मलिन झालेला चारा निरोगी गाईनें खाल्ला, तर तेच जंतु तिच्या पोटांतून नुसते वाट काढून शेणांत उतरतात, आणि परीक्षा तिच्याकडेहि बोट दाखविते. उलट लागण झालेलें वासरूं शेणांतून जंतु टाकीतच नसेल, तर कितीहि तीक्ष्ण परीक्षा त्याच्या शेणांत कांहीं शोधूं शकणार नाहीं. म्हणून जाणते पशुवैद्य एका निकालावर गाईचा निवाडा करीत नाहींत. सहीचें प्रमाण किती, ती पुन्हां सांपडते कीं काय, प्रतिद्रव्यें काय सांगतात, कळपाचा पूर्वेतिहास कसा, हें सर्व ते जुळवून पाहतात.

शहरांतील कुटुंबांनाहि हा प्रश्न परका नाहीं. १९१३ सालीं ग्लासगो येथील शस्त्रवैद्य डॅल्झिएल यांनीं माणसाच्या आंतड्याच्या एका दीर्घ विकाराचें वर्णन करतांना गुरांच्या या रोगाशीं त्याचें साम्य दाखविलें होतें. हा विकार पुढें १९३२ नंतर ‘क्रोनचा रोग’ म्हणून प्रसिद्ध झाला. आय. एस. ९०० चा तुकडाहि मूळ सांपडला तो अशाच एका रुग्णापासून मिळालेल्या जंतूंत. परंतु गुरांतील जंतु हें या मानवी रोगाचें कारण आहे काय, यावर शास्त्रज्ञांचें अद्याप एकमत नाहीं. कांहीं रुग्णांत जंतूचा माग लागतो, पुष्कळांत लागत नाहीं. ब्रिटनमधील बाजारच्या दुधाच्या तपासणींत जंतूची सही जितक्या नमुन्यांत सांपडली, त्याच्या मानानें जिवंत जंतु फारच थोड्या नमुन्यांत सांपडले. सही व जीव यांतील हा भेद लक्षांत न घेतल्यास अशा बातमीनें उगीच घबराट होते; आणि तो भेद पुढें करून प्रश्नच नाहीं असें म्हटल्यास निष्काळजीपणा होतो.

राहिला दुसरा प्रश्न. जपाननें कठोर मार्ग धरला. तेथें २०१३ पासून शेणाची जनुक-परीक्षा निर्णायक मानली जाते, आणि दोषी ठरलेलें जनावर कायद्यानें नष्ट करण्यांत येतें. डेन्मार्कनें २००६ पासून निराळी वाट चोखाळली. दुधाची वारंवार तपासणी करून धोक्याच्या गाई हेरावयाच्या, त्यांच्या विण्याची जागा वेगळी ठेवावयाची, त्यांचा चीक इतर वासरांना पाजावयाचा नाहीं, आणि पुनः पुन्हां दोषी ठरलेल्या गाई कळपांतून काढावयाच्या. हिंदुस्थानांत मथुरेजवळ मखदूम येथील केंद्रीय शेळी संशोधन संस्थेनें जनुक-परीक्षांच्या साहाय्यानें असें दाखविलें कीं, येथील शेळ्या-मेंढ्या व गाई-म्हशी यांच्यांत या जंतूचा ‘बायसन’ नांवाचा प्रकार विशेष आढळतो. अमेरिकेंतील रानगव्यांत प्रथम ओळखला गेल्यामुळें त्याला हें नांव मिळालें. येथील प्रकारापासूनच या संस्थेनें लसहि तयार केली. लसीनें रोगाचा जोर व शेणांतील जंतु कमी होतात. लागण मात्र पूर्णपणें थांबत नाहीं.

महाराष्ट्रांत हा प्रश्न आणखी बिकट होतो. १९७६ च्या कायद्यानें येथें गाईच्या कत्तलीस मनाई आहे, आणि २०१५ पासून बैल व वळू यांनाहि तें संरक्षण मिळालें आहे. जपानची वाट येथें बंद आहे. मग ज्याच्या दोन-तीन गाईंवर घर चालतें, त्या गोपालकाच्या हातीं एका दुभत्या, डोळ्यांना ठणठणीत दिसणाऱ्या गाईविषयीं प्रतिकूल निकाल आला, तर त्यानें काय करावें? सर्वांत सोपा मार्ग म्हणजे निकालाचा कागद घडी घालून ठेवावा आणि येत्या बाजारीं गाय विकून मोकळें व्हावें. परंतु तसें केल्यानें रोग नाहींसा होत नाहीं. तो फक्त दुसऱ्याच्या गोठ्यांत जातो, आणि तेथील वासरांच्या नशिबीं येतो. कठीण परंतु सरळ मार्ग म्हणजे गाय ठेवावी, तिचें शेण व पाणी वेगळें राखावें, वासरूं जन्मतांच तिच्यापासून दूर करून निरोगी गाईच्या चिकावर वाढवावें, आणि नवीन जनावर घेतांना त्याची परीक्षा करून घ्यावी. यांत कष्ट आहेत आणि नुकसानहि आहे. तें नुकसान एकट्या गोपालकानें सोसावें कीं त्याचें दूध पिणाऱ्या समाजानेंहि त्यांत वांटा उचलावा, याचा निर्णय कोणतेंहि यंत्र देऊं शकत नाहीं.

ओल्डेनबुर्गच्या त्या शेतकऱ्याला आपल्या गाईचा रोग कळला तो ती मेल्यानंतर. आजच्या गोपालकाला तो गाय रवंथ करीत असतांना कळूं शकतो. सव्वाशेंहून अधिक वर्षांत शास्त्रानें मिळविलें तें एवढेंच, आणि हें थोडें नव्हे. परंतु उशीरा मिळालेलें ज्ञान कोणावर कसली जबाबदारी टाकीत नाहीं. वेळेवर मिळालेलें टाकतें.